रक्ताचा जाणकार

आबा समोरच्याचं मनगट धरायचे, हात उताणा करायचे, निळ्या शिरांवरून अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "रक्त बोलतंय बरं." काय बोलतंय ते मात्र त्यांनाच ऐकू यायचं.

आमच्या तालुक्यातल्या गोरेगावजवळच्या एका खेड्यात त्यांची मोठी जमीन होती आणि सोयरिकी जुळवायचा छंद होता. नव्वदच्या दशकात त्या भागातली कितीतरी लग्नं आबांनी मान हलवली म्हणून झाली आणि मान फिरवली म्हणून मोडली. पोरगी शिकली किती, पोरगा पितो का, असल्या फुटकळ चौकशा ते करत नसत. सात पिढ्यांचं रक्त पाहत. स्वतःच्या पणजोबांच्या मागचं मात्र त्यांना एकही नाव ठाऊक नव्हतं. तिथून ते थेट कुठल्याशा सरदारावर उडी मारत.

मी तिथल्याच एका सरकारी दवाखान्यात रक्त तपासायला होतो. मी तांड्यातला. आमचे पूर्वज बैलांवर मीठ लादून मुलूखभर फिरलेले. एकदा चारचौघांत आबा मला म्हणाले, "तू तांड्याचा वाटत न्हाईस. तुझ्यात कुठंतरी आमच्यातलं रक्त असल."

हा माझा गौरव होता. आणि खरं सांगतो, मी नुसता हसलो नाही, सुखावलो.

दोन हजार सालानंतर आमच्याकडे सिकलसेलची तपासणी सुरू झाली. या आजारात रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, सांधे ठणकतात, अंगात रक्त टिकत नाही. आई आणि बाप दोघांकडून दोष आला तरच लेकरू आजारी पडतं. एकाकडूनच आला तर माणूस धडधाकट असतो. फक्त लग्न ठरवताना जोडीदाराचं रक्त तपासून घ्यायचं. अशांना पिवळं कार्ड मिळायचं, आजाऱ्यांना लाल, बाकीच्यांना पांढरं.

तांड्याची तपासणी झाल्यावर आबा आले. "यादी दाव. सोयरिकी आमी जुळवतो. आमाला म्हाईत पाहिजे का न्हाई?"

यादी कुणालाही दाखवायची नाही, हे आम्हाला बजावून सांगितलं होतं. मी दाखवली. आबांनी खांद्यावर हात ठेवला होता, एवढंच कारण.

आमच्या तांड्यातली एक मुलगी नर्सिंग शिकत होती. तिचं कार्ड पिवळं होतं. वारंगा फाट्याकडच्या तांड्यातल्या मुलाशी तिची सोयरीक ठरली होती. त्याचं कार्ड पांढरं, म्हणजे लेकरं आजारी निपजायची भीती नव्हती. एवढं समजून घ्यायची आबांना गरज वाटली नाही. बाजारात मुलाच्या चुलत्याला गाठून ते म्हणाले, "पोरगी किडकी हाय. तांड्याचं रक्तच तसं." सोयरीक मोडली.

कार्डाची गोष्ट बाहेर कशी गेली, हे मुलीचा बाप मला विचारायला आला. मी सांगितलं, मला काही ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी ती स्वतः आली. आमच्या बोलीत न बोलता मराठीत बोलली, परक्याशी बोलावं तसं.

"ते कार्ड माझं होतं ना?"

मी काचपट्ट्या पुसत राहिलो. ती निघून गेली.

वर्षभरानं आबा आपल्या नातवाला, थोरल्या लेकीच्या मुलाला, घेऊन आले. पोराचे गुडघे सुजले होते. तपासणीत कार्ड लाल निघालं.

"नमुना बदलला असल," आबा म्हणाले. "तांड्यातल्या कुणाचा तरी असल."

पुन्हा तपासलं. पुन्हा तेच.

"मग जावयाकडून आलं."

"आबा, दोन्हीकडून यावं लागतं."

मग दार लोटून घेऊन त्यांनी बाही वर केली. "माझंबी बघ." आठवड्यानं मी त्यांच्या हातात पिवळं कार्ड दिलं. "पांढरं करून दे," ते म्हणाले. मी नकार दिल्यावर म्हणाले, "मग कुणाला सांगू नको. तकलीफ व्हईल." ज्या माणसानं एका पोरीचं कार्ड बाजारात वाचून दाखवलं, तो माझे हात धरून हे मागत होता. मला किळस आली. त्यांची, आणि त्या हातांत आपले हात तसेच राहू देणाऱ्या माझीही.

एक मात्र सांगायला हवं. पोराला चालवत नसे तेव्हा आबा त्याला पाठुंगळी घेऊन जीपमधून उतरत. धाप लागायची, पण दुसऱ्या कुणाच्या पाठीवर देत नसत. "दुखून राहिलं का रे?" असं वाटभर विचारत. त्या वेळी त्यांचा तिरस्कार करणं मला जमत नसे. पोराला बाकावर निजवून ते शेजारच्या माणसाचं घराणं विचारू लागले, की पुन्हा जमे.

दोन पावसाळ्यांनी आबा गेले. तेराव्याला लोकांनी त्यांनी जुळवलेल्या लग्नांची आठवण काढली. मोडलेल्यांची कुणी काढली नाही.

महिन्याभरानं त्यांची थोरली लेक पोराच्या गोळ्या न्यायला आली. "दादा, बाबांचं कार्ड कोणतं व्हतं? धाकट्या बहिणीची सोयरीक चालू हाय, म्हणून विचारून राहिले."

"ते त्यांचं होतं," मी म्हणालो. "धाकटीला घेऊन ये. तिची मर्जी असेल तर तिचं रक्त तपासू. कार्ड तिच्याच हातात देईन."

धाकटी आली. आठ दिवसांनी पुन्हा आली, तेव्हा मी कार्ड पाकिटात घालून तिला दिलं. तिनं ते बाहेर लिंबाखाली उभं राहून एकटीनं उघडलं. पांढरं होतं की पिवळं, ते तुम्हालाही सांगणार नाही.