शेडमधली बिअर कुणाची

सासू-सासरे साताऱ्याहून उन्हाळ्यासाठी इकडे आयर्लंडला यायचे होते, तेव्हा माझं बिअरचं सामान घरातून मागच्या शेडमध्ये गेलं. ते माझं होतं, नवऱ्याचं नव्हतं. नवरा ड्रोहेड्यात हॉस्पिटलात डॉक्टर आहे आणि त्याला बिअरपेक्षा चहा आवडतो. मी औषधांच्या कारखान्यात प्रोसेस इंजिनिअर आहे. आमच्याकडे दिवसभर मोठमोठ्या टाक्यांत पेशी वाढवतात. त्यांचं तापमान अर्ध्या अंशाने हललं तरी धावपळ होते. घरी आल्यावर असंच काहीतरी, पण छोटं आणि स्वतःचं, करावंसं वाटे.

सुरुवातीला मी डब्यातला तयार अर्क वापरायचे. पुढे माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले बार्लीचे दाणे, आणून सगळं पहिल्यापासून करायला लागले. दाणे भरडायचे, निळ्या आइसबॉक्समध्ये गरम पाण्यात तासभर भिजवायचे, खालच्या नळाने गोड रस काढायचा आणि उकळायचा. ऐकायला सोपं. पहिल्या खेपेला रस नळातून आलाच नाही. दाणे फार बारीक भरडले गेले होते आणि तळाशी त्यांची खळ झाली होती. दुसऱ्या खेपेची बिअर नवऱ्याने हुंगली आणि म्हणाला, "अगं, याला आमच्या वॉर्डाचा वास येतोय." खरंच येत होता, बँडेजचा. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनचं ते काम होतं, हे कळायला मला महिना लागला. वाइन करणारे वापरतात ती एक गोळी चुरून पाण्यात टाकली की वास जातो. मग थर्मामीटर दोन अंश चुकीचा निघाला. मग कळलं की आइसबॉक्स तासाभरात निवतो. मी घरात शोधलं आणि जी जाड वस्तू हाताला लागली ती बॉक्सभोवती गुंडाळली. ती सासूबाईंनी मुलीच्या बारशाला जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी होती. तापमान हललं नाही. मला फार आनंद झाला होता.

"आई विचारेल तर माझं म्हणून सांगू," नवरा म्हणाला. "मुलाचं म्हटलं तर चिडेल, पण पचवेल."

मी नको म्हणायला हवं होतं. मला हायसं वाटलं. आमच्या मराठी मंडळींतही ते त्याचंच म्हणून ठाऊक होतं. गणपतीला कुणी जेवायला आलं की पुरुष त्याच्या पाठीवर थाप मारायचे आणि मी आतून भजी आणायचे.

सासूबाई आल्यानंतर पंधरवडाभर पाऊसच होता. एकदाचं ऊन पडलं तशा त्या कपड्यांचे चिमटे शोधत शेडमध्ये गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात गोधडी होती. एका कडेला रस सांडून ती चिकट झाली होती. त्यांच्या मागून माझी मुलगी येत होती. "दॅट्स फॉर मॅमीज बिअर," ती इथल्या हेलात म्हणाली.

"काय म्हणतेय गं ही?" सासूबाईंनी मला विचारलं. त्यांना तिचं इंग्रजी कळत नसे.

"काही नाही, आई."

संध्याकाळी नवरा घरी आला आणि ठरल्याप्रमाणे म्हणाला, "माझं आहे ते." सासूबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी त्याला मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली की पुन्हा घरात दारू गाळणार नाही. त्याने ती लगेच घेतली. त्याला काहीच सोडायचं नव्हतं. मी ओट्यापाशी उभी राहून कोथिंबीर निवडत होते, आणि निवडून झालेलीच पुन्हा निवडत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून त्या माझ्याशी वेगळ्या वागायला लागल्या. आमची आधी फारशी जवळीक नव्हती. आता मी कामावरून आले की चहा तयार असे. "बस जरा, दमली असशील," म्हणत. एकदा दुपारी शेजारी बसून त्यांनी माझा हात हातात घेतला. "तुझी काही चूक नाही गं. बाईने किती सांगितलं तरी पुरुष ऐकतो थोडाच." आणि मग त्यांनी मला त्यांच्या वडिलांबद्दल सांगितलं. त्यांच्या पिण्याबद्दल, आईबद्दल, आणि एका सकाळबद्दल. ते मी इथे लिहिणार नाही. "हे ह्यांनासुद्धा ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. ह्यांना म्हणजे सासऱ्यांना. त्यांचं बोलणं संपेपर्यंत मी मान हलवत राहिले. मधेच थांबवून खरं सांगण्याची एक वेळ होती, ती मी जाऊ दिली, आणि मग इतकं ऐकून झालं होतं की आता सांगणं जास्तच वाईट वाटलं.

त्या शनिवारी सासरे नवऱ्याला सामान आवरायला मदत करायला शेडमध्ये गेले. ते साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. मी धुतलेले कपडे घेऊन दारावरून जात होते. आतून त्यांचा आवाज आला, बऱ्याच दिवसांनी उत्साहाचा.

"अरे, हे तर आमच्या ब्रिक्सच्या हायड्रोमीटरसारखं! रसात साखर किती उतरते तुझ्या?"

"असते... बऱ्यापैकी," नवरा म्हणाला.

"आणि भरड तळाशी बसून नळ तुंबत नाही?"

"कधी कधी."

"मग काय करतोस?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "भरडण्याआधी दाण्यांवर थोडं पाणी शिंपडायचं, बाबा. साल मऊ होते, फाटत नाही. मग सालींचाच थर गाळणीसारखा बसतो."

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. पुढचा प्रश्न त्यांनी मला विचारला. "आणि पाणी किती तापवतेस?" मी सांगितलं. त्यांनी हायड्रोमीटर जपून पेटीत ठेवला.

"मी तिला काही सांगणार नाही," ते म्हणाले. "पण तू सांग. आजच."

सासूबाई कणीक मळत होत्या. मी म्हटलं, "आई, ते शेडमधलं सामान त्याचं नाही. माझं आहे."

"म्हणजे तुझ्यासाठी करतो होय तो?"

"नाही. मीच करते. पहिल्यापासून."

"आणि त्याने शपथ घेतली ती?"

"ती खोटी नव्हती. तो करतच नाही." हे बोलल्यावर ते किती चलाख ऐकू येतंय हे मला कळलं, आणि कान तापले.

त्या कणीक मळत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग मी तुला ते सगळं कशाला सांगितलं?" हे त्या मला विचारत नव्हत्या. चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. त्या शरमल्या होत्या. चूक माझी होती आणि मान खाली त्यांची होती. मी "सॉरी आई" म्हटलं. त्यांनी कणकेचा गोळा झाकून ठेवला आणि हात धुवायला गेल्या.

राहिलेले दिवस त्या माझ्याशी व्यवस्थित वागल्या. जेवायला वाढत, मुलीचे केस विंचरत, शेजारीण कुंपणावरून बोलली की हसून इथल्या लोकांसारखं "ग्रँड, ग्रँड" म्हणत. माझा चहा मात्र मीच करून घ्यायचे. मी सामान शेडमध्ये तसंच राहू दिलं. फेकलं असतं तर तो आणखी एक देखावा झाला असता. सासऱ्यांनी एकदा हळूच विचारलं, "पुन्हा कधी लावणार?" मी म्हटलं, "बघू, बाबा."

विमानतळावर नवरा बॅगा ढकलत पुढे गेला होता. सासूबाई माझ्याजवळ थांबल्या.

"माझ्या वडिलांचं सांगितलं ते तुझ्याजवळच ठेव. त्याला सांगू नकोस."

"नाही सांगणार, आई."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, माझ्या शब्दावर किती विश्वास ठेवायचा ते ठरवत असल्यासारखं. मग पर्स उघडून पासपोर्ट आहे का ते पाहिलं, आणि सासऱ्यांच्या मागे रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.