बट्टा आणि बठ्ठा

अक्का नसती तर मी त्या घोटाळ्याच्या आठवड्यातच बोचकं बांधून कोकणात परतलो असतो, हे आधी सांगून टाकतो. जळगावच्या जिनिंग कारखान्यात कापूस निवडणाऱ्या बायांची ती म्होरकी. मी चौथीत शाळा सोडलेला, इतक्या लांब येऊन नुकताच उमेदवार म्हणून चिकटलेला. काम सुटलं तर घरी कोणत्या तोंडाने जाणार, या काळजीने अन्न गोड लागत नव्हतं.

त्यात बायांची नजर तयार करायला एक साहेब आले. साहेब आपल्यातलेच, टोपी तेवढी विलायती. खुर्चीतून न उठता ते कापसातली खोट हेरायला शिकवीत. "नजर घारीची पाहिजे!" म्हणत. मिशीत अडकलेला कापूस मात्र त्यांच्या घारीला कधी दिसला नाही.

मला शिकवलं अक्काने. "भाऊ, बठ्ठा ढीग एकदम नको देखू. आधी पिवया देख, मंग पालापाचोळा. तुमना समुद्रमा बठ्ठं पानीच! तुना डोयास्ले निवडानी सवय कोठे शे?" पिवया म्हणजे पिवळा पडलेला आणि बठ्ठा म्हणजे सगळा, हे तेव्हा समजलं.

मालक बायांची परीक्षा बघायला येणार होते, त्या दिवशी साहेबांचा घसा नाजूक झाला. म्हणून त्यांचा हुकूम मी ओरडलो, "बट्टा बाजूला काढा!" म्हणजे डागी कापूस. पण यंत्राच्या घरघराटात खानदेशी कानांनी ऐकलं, बठ्ठा. बाया उठल्या. चांगला-वाईट सगळा ढीग त्यांनी पलीकडच्या भिंतीला नेऊन लावला, वर जमीनही झाडली. मालक आले ते लखलखीत फरशी बघायला.

"या कोकण्याला आधी हाकला!" साहेबांचा घसा एकदम बरा झाला. मी बोचकं बांधायला वळलो.

अक्का पदर खोचून पुढे आली. "त्याले काब्र हाकलतस? तुमनाच हुकूम, बठ्ठा काढा. आम्हीन काढा बठ्ठा. एक बोंड ऱ्हायनं व्हई ते दखाडा!"

आणि साहेब खरंच खिशातलं भिंग काढून रिकाम्या फरशीवर वाकले. मालक पोट धरून हसले. मी राहिलो. साहेब पुढच्यांची नजर सुधारायला धुळ्याला गेले.

अक्का अजून विचारते, "समुद्र कितला मोठा शे रे?" मला सांगता येत नाही. पण एक दिवस तिला आमच्या किनाऱ्यावर नेऊन उभी करीन आणि म्हणेन, अक्का, इथे निवडायचं काही नाही. बठ्ठा देख.