दोन अर्थांचा राजीनामा

"थांबा जरा." हे दोन शब्द म्हटल्याशिवाय आमच्या ऑफिसातल्या काकांनी आयुष्यात एकही बटण दाबलं नसेल. सर्व्हर बंद करताना म्हणायचे, लिफ्टमध्ये शिरल्यावर म्हणायचे, चहाच्या मशीनसमोरसुद्धा म्हणायचे. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेलच. सगळे त्याला हसतात आणि काही बिघडलं की त्यालाच शोधत सुटतात.

फरीदाबादच्या आमच्या कंपनीत गाड्यांचे ब्रेक डिझाइन होतात. मी डिझाइनमध्ये, काका सर्व्हर सांभाळायला. मराठी आम्ही दोघंच. चारचौघांत मी त्यांना सर म्हणायचे, मेट्रोने मयूर विहारला परतताना काका. मी जन्माची दिल्लीकर, तेव्हा माझं मराठी दुरुस्त करणं हा त्यांचा आवडता उद्योग. एकदा मी म्हटलं, "काका, माझी सगळी शिक्षा दिल्लीतच झाली." त्यांनी चष्मा काढला. "अरेरे! गुन्हा काय होता गं?"

मग वरून ठरलं की सर्व्हर आपसात थेट जोडायचे. म्हणजे एका सर्व्हरने दुसऱ्याच्या मेमरीतून सरळ माहिती उचलायची, दर वेळी ऑपरेटिंग सिस्टिमला विचारत बसायचं नाही. "शेजारणीच्या स्वयंपाकघरात जाऊन साखर स्वतःच घ्यायची, बेल वाजवायची नाही," असं काकांनी मला समजावलं होतं. आमची गणितं त्यामुळे फार लवकर सुटणार होती. पण त्यासाठी सगळीकडे नवी ऑपरेटिंग सिस्टिम घालावी लागणार होती, आणि फाइली ठेवायचं मशीन पडलं म्हातारं. त्याचं नेटवर्क कार्ड नवी सिस्टिम ओळखेल की नाही, याची काकांना खात्री नव्हती. "आधी तसल्याच एका जुन्या मशीनवर करून बघू," असं ते ज्याला त्याला सांगत होते.

मीटिंगमध्ये मॅनेजर वैतागले. "सर, आप हर चीज़ से डरते हैं. क्लाइंट को बोल चुका हूँ. सैटरडे को सब एक साथ होगा, बस."

काकांचे कान लाल झाले. एरवी त्यांची हिंदी झकास, पण रागावलं की माणसाच्या तोंडून घरचीच भाषा येते. ते उभे राहून म्हणाले, "ऐसे ही करना है, तो मैं राजीनामा देता हूँ!"

मॅनेजरनी टेबलावर थाप मारली. "वाह! सर राज़ी हो गए!"

हिंदीत राजीनामा म्हणजे संमती. टाळ्या पडल्या. मी घाईघाईने म्हटलं, "सर, इनका मतलब इस्तीफ़ा है." त्यावर तर हशाच पिकला. काकांनी माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून.

मेट्रोत म्हणाले, "जाऊ दे गं. मुलीची बारावी आहे. जन्मात एकदा धाडस केलं, तेही कुणाला कळलं नाही." आम्ही दोघं हसलो. मला मात्र रडू येत होतं.

शनिवारी त्यांनी सगळं नीट केलं. एकेक सर्व्हर उठला. म्हातारं मशीनही सुरू झालं, पण नेटवर्कवर काही केल्या दिसेना. जुनी सिस्टिम परत घालून फाइली हाती येईपर्यंत क्लाइंटला दिलेली तारीख उलटून गेली.

चौकशीत मॅनेजर म्हणाले, "राज़ी तो ये सबके सामने हुए थे." मी पुन्हा बोलले, या वेळी ओरडूनच. "आप डिज़ाइन देखिए, मैडम," एवढंच उत्तर मिळालं. काकांकडून इस्तीफ़ा लिहून घेतला गेला.

पुढे त्या मशीनला नवं कार्ड बसलं. आता सर्व्हर आपसात थेट बोलतात. सकाळी लावलेलं गणित चहा संपेपर्यंत सुटतं, आणि मला त्याचा मनापासून राग येतो.

परवा न राहवून काकांना फोन लावला. त्यांनी सगळं विचारून घेतलं, वेग किती, काही अडतं का. मी म्हटलं, काही नाही अडत. "वा, छान झालं," ते म्हणाले. मागून काकूंचा आवाज आला, "कुणाचा हो फोन?"

"ऑफिसचा," काका म्हणाले. "जरा अडलंय त्यांचं."

मी काकूंना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं, "हो ना काका, तुमच्याशिवाय सगळं ठप्प आहे."