मेंढरं राखणारे इंग्रजीचे सर

आमचे इंग्रजीचे सर कुणाचाही निरोप घेताना "लुक आफ्टर युवरसेल्फ!" असं ओरडत. पौडच्या स्टँडवरच्या कंडक्टरला, भाजीवालीला, एकदा तर रस्ता अडवून बसलेल्या म्हशीलासुद्धा! गावाने त्यांचं नाव 'लुकआफ्टर मास्तर' ठेवलं आणि सर त्यावर भलतेच खूश होते.

वर्गात त्यांचा एकच हट्ट. "आधी करा, मग अर्थ लिहा." 'लुक आफ्टर' शिकवायचं म्हणून त्यांनी प्रत्येकाला दिवसभर काहीतरी सांभाळायला दिलं. कुणाला पाण्याचा माठ, कुणाला हेडमास्तरांची छत्री. मला स्वतःचा चष्मा दिला आणि सर संध्याकाळपर्यंत दारांना धडकत हिंडले. तो दोन्ही हातांत धरून मी जेवायचंसुद्धा विसरले. शाळा सुटताना म्हणाले, "आता लिही. सांभाळणे, जपणे, काळजी घेणे. आजाऱ्याला लुक आफ्टर करतात, लेकराला करतात, घराला करतात. नुसतं बघत बसणं वेगळं हो!"

अकरावीची, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकची, परीक्षा तोंडावर आली आणि माझ्या वडिलांचा पाय मोडला. आम्ही धनगर. आई नव्हती, मेंढरं रानात न्यायला मी एकटीच. वडिलांनी सरांना सरळ सांगितलं, "परीक्षा ऱ्हाऊ द्या, मास्तर. मेंढरं कोन राखनार?"

"मी!" सर म्हणाले.

मला हसू फुटलं आणि रडूही. मेंढी कुठली आणि शेळी कुठली, हे सरांना चष्मा लावूनही कळत नसे. पण त्यांनी खरोखर आठवड्याची रजा टाकली, खांद्यावर घोंगडी घेतली आणि मला परीक्षेच्या केंद्रावर जायला पुण्याच्या एसटीत बसवलं. काय तो आठवडा! पेपर लिहिता लिहिता मध्येच सर मेंढरांमागे धावताना दिसायचे आणि माझा हात दुप्पट वेगाने चालायचा.

मी परतले तेव्हा सर आमच्या ओट्यावर मान खाली घालून बसले होते. हातापायांवर ओरखडे, नाक उन्हाने सोललेलं. एक मेंढरू कड्यावरून पडून मेलं होतं. "मला सांभाळता आलं नाही," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

वडील म्हणाले, "मेंढरू माज्या हातनं बी जातं, मास्तर. पोरीचं वरीस तुमी जाऊ दिलं न्हाई."

निकाल लागला तोवर सरांची बदली जुन्नरकडे झाली होती. मी म्हटलं, पत्र टाकते. वडील पौडच्या पलीकडे कधी गेले नव्हते. त्यांनी पागोटं बांधलं, काठी घेतली आणि लंगडत स्टँडची वाट धरली.

"पास झाली, ह्ये मी माज्या तोंडानं सांगनार."