'ड्रॉप इन'चा अर्थ

इंग्रजीचा तोरा मिरवायला मी एकदा एका म्हाताऱ्या बाईला खोटं आमंत्रण दिलं होतं. आज नात मलइयोचा, म्हणजे काशीतल्या गोड दुधाच्या फेसाचा, मातीचा कुल्हड चाटत फोनवर मैत्रिणीला म्हणाली, "ड्रॉप इन कर ना कधी!" आणि त्या केशरी दुधाच्या वासाबरोबर मी थेट माझ्या पहिल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात जाऊन पडले.

लग्न होऊन मी नुकती काशीत आले होते. चार इंग्रजी पुस्तकं काय वाचली, स्वतःला मडमच समजत होते! यांच्या विधवा आत्या गंगेपलीकडे रामनगरला राहत. त्या भेटल्या तेव्हा ऐटीत म्हटलं, "आत्याबाई, कधीही ड्रॉप इन करा हं! म्हणजे बोलावण्याची वाट बघायची नाही, मनात आलं की सरळ यायचं."

त्या आल्या, नेमक्या हळदीकुंकवाच्या दिवशी. घरात राजा घाटाजवळच्या साऱ्या सवाष्णी बसलेल्या, आणि दारात आत्याबाई. होडीतून उतरताना लुगड्याचा काठ भिजलेला, हातात मलइयोचा कुल्हड. वाटेत फेस बसून नुसतं पिवळं दूध उरलं होतं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मी शहाणीने कुंकवाचा करंडा पदराआड लपवला आणि म्हटलं, "आज कशा आलात? आधी कळवायचं तरी!"

तेव्हा वाटलं, घराची लाज राखली. आता तो पदर आठवला की तोंड लपवावंसं वाटतं.

आत्याबाईंनी कुल्हड उंबऱ्यावर ठेवला.

"तुझा तो शब्द फार आवडला होता गं, सूनबाई. मला बोलावणं कुठलंच येत नाही. म्हटलं, न बोलावता जावं असं एक तरी घर झालं."