नव्या सुपरहिरोचा तिरळा डोळा

मंडळी, सुपरहिरोंच्या छोट्या पुतळ्यांच्या नव्या सिरीजकडून आपण ग्रुपवर केवढ्या अपेक्षा लिहिल्या होत्या! आज मी मागवलेली फिगर आली, ती चक्क तिरळी.

संतापून कंपनीला तक्रार लिहिली. पाठवण्याआधी, डोळा दुरुस्त होतो का बघायला रोह्याहून पेणला मावशीकडे गेले. ती गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखते.

मावशीने फिगर उजेडात धरली. "रंगवणारीला येत नाय असं नाय गो. उजवा डोळा बघ, कसा बोलका हाय. डाव्याला हात थकला बाईचा. गणपती जवळ आले की माझापण थकतो."

मग बारीक ब्रशने तिने डोळा सरळ करून दिला. मी तक्रार पुसली.

अपेक्षांच्या आपल्या त्या लांबलचक यादीत, रंगवणाऱ्या हाताला जरा विसावा मिळावा, असं कोणीच कसं लिहिलं नव्हतं? मीसुद्धा?