आधी बुजलेल्या विहिरी

माझी स्नेहलतामावशी बडोद्यात कॉम्प्युटर दुरुस्त करते. हसायचं असेल त्यांनी हसून घ्या, मग तरसालीला तिच्या घरी या. मकरपुऱ्याच्या टीव्ही कारखान्यात तिने अठरा वर्षं सोल्डरिंग केलं. बाहेरच्या कंपन्यांचे टीव्ही आले, कारखाना बसला. बाकीच्या बायका पापडाला लागल्या. हिने तिथला भिंगाचा दिवा भंगारातून उचलला आणि घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकलं. शिक्षण दहावी. तिच्या हाताखाली काम करणाऱ्या माझ्यापेक्षा एक यत्ता जास्त.

२००८ च्या दसऱ्यानंतर अकोट्याचे गोविंदराव मोहिते आले. रिफायनरीतून रिटायर झालेले ड्राफ्ट्समन. एका हातात लॅपटॉप, दुसऱ्या हातात रुमालात बांधलेली हार्ड डिस्क, ती बाहेरून वायरने जोडायची असते ती. लॅपटॉप दहा मिनिटांत आपोआप बंद व्हायचा. डिस्कचा दिवा लागायचा, पण लॅपटॉपवर ती दिसायचीच नाही.

"काय आहे हिच्यात?" मावशीने विचारलं.

"एक्केचाळीस वाव."

वाव म्हणजे पायऱ्यांची विहीर. आमच्याकडे गावोगाव असतात. हा माणूस नऊ वर्षं स्कूटरवरून गेला, पायरी न् पायरी मोजली, नकाशे काढले. कुणी सांगितलं नव्हतं.

"लॅपटॉपवर पण असतील ना?"

"जागा पुरेना म्हणून काढून टाकले. म्हटलं बॅकअप आहे."

"काका, बॅकअप म्हणजे दुसरी प्रत. पहिली कुठाय तुमची?"

पहिली नव्हतीच. कच्च्या वह्या रद्दीत गेलेल्या. म्हणजे नऊ वर्षं त्या रुमालात होती.

मी म्हटलं, लावून तर बघू. मावशीने नुसतं बघितलं, मी खाली बसले. तिची पद्धतच ती. वस्तूला हात लावायच्या आधी माणसाला विचारायचं.

"शेवटची चालली कधी?"

"खंडेनवमीला."

"आणि दसऱ्याला काय केलंत?"

"करणार काय, पूजा. माझी हत्यारं तीच ना. हळद-कुंकू वाहिलं, झेंडू वाहिला."

"बंद पडल्यावर?"

ते जमिनीकडे बघायला लागले. "दोन टपल्या मारल्या. रेडिओला मारायचो तशा."

मला हसू फुटलं. मावशीला नाही.

भिंगाखाली धरलं तर डिस्कच्या वायरीच्या भोकात ओली वाहिलेली हळद वाळून बसलेली. डिस्कचा बाहेरचा डबा उघडला, आतली वायर जोडायची छोटी पट्टी गंजून हिरवी पडलेली.

"डबा गेलाय. आतली डिस्क जिवंत आहे का बघू."

तिने डिस्क काढून दुसऱ्या वायरने आपल्या कॉम्प्युटरला जोडली. टेबलावर तळहात ठेवला. मला पाय हलवायची बंदी. डिस्क फिरायला लागली, पण मधेच एकदा टक् वाजली.

"हे टपल्यांचं," मावशी म्हणाली. "किती वेळ चालेल सांगता येत नाही."

स्क्रीनवर यादी आली. एक्केचाळीस गावांची नावं. मी असते तर सगळं एकदम आपल्या कॉम्प्युटरवर ओढलं असतं. कुणीही ओढलं असतं. मावशीचा हात माऊसवर थांबला.

"काका, यातल्या बुजवल्या कुठल्या?"

"म्हणजे?"

"ज्या आता परत मोजता यायच्या नाहीत."

गोविंदराव खुर्ची ओढून पुढे सरकले. मग बोट स्क्रीनला लावलं. एकीवरून रस्ता गेलाय. दोघींवर फ्लॅट झालेत. एक कचऱ्याने भरली.

"या चार आधी. उभ्या आहेत त्या थांबतील."

मशीन मरत होतं आणि ही बाई विहिरींचा विचार करत होती.

चारही आल्या. मग ढासळायला आलेल्या, गोविंदराव सांगतील त्या क्रमाने. सव्विसावी पूर्ण झाली आणि डिस्क टक् टक् टक् करून थांबली. मावशीने ती थंड होऊ दिली, तासाभराने एकदा, एकदाच, परत लावून बघितली. काही नाही. वायर काढली.

"बस. आता हिला त्रास नाही द्यायचा."

लॅपटॉपचं दुखणं फुटकळ निघालं. पंख्याच्या जाळीत झेंडूच्या पाकळ्या अडकलेल्या, तापून बंद व्हायचा. चिमट्याने पाच मिनिटांत काढल्या.

गोविंदराव पेन्सिलीने राहिलेली नावं लिहीत होते. पंधरा. लिहिता लिहिता हात थांबला.

"सगळ्या उभ्या आहेत, ताई. पण माझं वय एकोणसत्तर. खाली उतरून टेप धरायचा तो आमचा नातू तन्मय, तो गेला पुण्याला."

मावशीने भिंगाचा दिवा बंद केला. "रविवारी सकाळी सातला टेप घेऊन या. उशीर नको, मला ऊन सोसत नाही."